मोहफुलापासून ॲसिटोन : खरे किती आणि फायद्याचे किती

गेल्या फाल्गुनात मोखाड्याकडील काही सभासद एक प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या गावी बाहेरचा एक गृहस्थ येऊन गेला होता. त्याने सांगितले की, मोहफुलापासून ॲसिटोन नावाचे द्रव्य निघते. रंग, औषधे, अत्तरे व काचेसारखे पारदर्शक तक्ते करणाऱ्या कारखान्यांस ते हवे असते. सबब प्रत्येक घराने काही रक्कम अनामत भरल्यास गावातच कारखाना निघेल आणि फुलास आजच्या कितीतरी पट भाव येईल. सभासदांनी विचारले ते इतकेच : हे खरे आहे काय, आणि पैसे भरावेत काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आहे. एकाच गोष्टीस दोन उलट उत्तरे कशी, हे समजावून देण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. अर्धे खरे सांगून घेतलेला पैसा परत मिळवणे किती कठीण असते, हे आम्ही दप्तरात बसून पुष्कळ वर्षे पाहिलेले आहे. म्हणून केवळ 'फसू नका' असे सांगून न थांबता सगळा हिशेबच वाचकांपुढे मांडतो.

ॲसिटोन म्हणजे काय?

ॲसिटोन हा पाण्यासारखा स्वच्छ, उग्र-गोडसर वासाचा प्रवाही पदार्थ आहे. पाणी १०० अंशांवर उकळते, तर हा ५६ अंशांवरच उकळतो. उघडा ठेवल्यास पाहता पाहता उडून जातो, आणि त्याची वाफ ठिणगीने भडकन पेट घेते. पाण्यात तो हव्या त्या प्रमाणात मिसळतो आणि तेल, राळ, लाख, रंग यांपैकी कित्येकांस विरघळवतो. नखांवरचा रंग पुसण्याच्या औषधात पुष्कळदा तोच असतो. तो केवळ कारखान्यातच सापडतो असेही नाही. नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईस पुरेसा चारा व खुराक मिळाला नाही, तर ती अंगातील चरबी जाळू लागते आणि मग तिच्या श्वासास जो फळासारखा वास येतो, त्यात ॲसिटोनचा अंश असतो.

ह्या द्रव्याच्या प्रत्येक कणात कर्बाचे तीन, उज्जाचे सहा व प्राणवायूचा एक असे एकंदर दहा परमाणू असतात. तीन कर्ब एका ओळीत असून मधल्या कर्बाशी प्राणवायूची दुहेरी गाठ असते. ह्या गाठीतच त्याचे सारे मोल आहे. मधला कर्ब ह्या गाठीमुळे दुसऱ्या द्रव्यास धरू शकतो, आणि कडेचे दोन कर्ब आपला एखादा उज्ज सोडून त्या जागी नवा सांधा घेऊ शकतात. आपल्याकडे कुडाचे घर उभारताना ज्या मेढीस वरून आडवे लाकूड टेकते आणि बाजूंनी कारवीच्या काठ्या बांधता येतात, ती मेढ एकटी घर नव्हे; पण तिच्यावाचून घर उभे राहत नाही. रसायनशास्त्रातील ॲसिटोनची जागा तशीच आहे.

उदाहरणे द्यावयाची तर, ॲसिटोन आणि फेनॉल यांच्या संयोगाने बिस्फेनॉल नावाचे द्रव्य होते; त्यापासून न फुटणारे पारदर्शक प्लास्टिक व लाकूड-लोखंड चिकटवणारी राळ बनते. दुसऱ्या मार्गाने ॲसिटोनपासून ॲक्रिलिकचे तक्ते होतात. दुकानांच्या पाट्या पुष्कळदा त्यांच्याच असतात. गवती चहाच्या तेलात सिट्रल हे द्रव्य असते. ते ॲसिटोनशी जोडून पुढे अम्लाची क्रिया केली असता आयोनोन मिळते. आयोनोनास युरोपातील व्हायोलेट फुलासारखा सुगंध असतो. हा शोध जर्मनीत टीमान आणि क्र्यूगर यांनी सन १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच आयोनोनापासून पुढे अ जीवनसत्त्व तयार करण्याची रीत निघाली. तेव्हा कारखान्यांस ॲसिटोन हवे असते, हे त्या गृहस्थाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

फूल ते ॲसिटोन : दोन वाटा

जव्हार-मोखाड्याच्या वाचकांस मोहाचे वर्णन सांगावयास नको. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात. बायकामुले उन्हे चढण्यापूर्वी ती वेचतात आणि अंगणात वाळवतात. पिवळट पांढरे, रसाळ फूल वाळले की तांबूस होते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ॲसिटोनची कथा ह्या साखरेपासून सुरू होते, आणि साखरेचे काय व्हावे हे तीत कोणता सूक्ष्म जंतू शिरतो त्यावर ठरते.

पहिली वाट तीन टप्प्यांची आहे. फुले पाण्यात भिजवली की किण्व, म्हणजे यीस्ट, साखरेचे मद्यार्क व कर्बाम्ल वायू करते. हा पातळ झालेला मद्यार्क हवेत उघडा राहिला तर दुसऱ्या जातीचे जंतू त्याचा शिरका करतात. शिरक्याच्या आंबटपणाचे कारण असलेले जे अम्ल, ते ॲसेटिक अम्ल. ह्या अम्लात चुना घातला म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट हे क्षार मिळते, आणि ते क्षार कोरडे करून बंद भांड्यात तापवले असता ॲसिटोनची वाफ निघून मागे खडू उरतो.

ज्यांनी रानात कोळशाची भट्टी लावलेली पाहिली आहे, त्यांस भट्टीतून निघणारा आंबट, डोळ्यांस झोंबणारा धूर आठवत असेल. त्या धुरातही ॲसेटिक अम्ल असते. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील ॲसिटोन बहुतांशी ह्याच मार्गाने, लाकूड कोंडून तापवून, त्यातील अम्ल चुन्याने धरून आणि तो क्षार भाजून काढीत असत.

दुसरी वाट जवळची आहे. इंग्लंडात मँचेस्टर येथे खाइम वाइत्समान नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. हेच पुढे सन १९४९ मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी असा एक जंतू हाती घेतला की, जो हवेवाचून वाढतो आणि पिठूळ किंवा साखरयुक्त पदार्थापासून ब्यूटॅनॉल, ॲसिटोन व मद्यार्क ही तीन द्रव्ये एकदमच तयार करतो. ह्या तिन्हींचे प्रमाण साधारणपणे ६, ३ व १ असे पडते. म्हणजे शिरका नको, चुना नको. पण हवा आत येता कामा नये, भांडी वाफेने निर्जंतुक करावी लागतात, आणि शेवटी तिन्ही द्रव्ये उष्णतेने वेगळी करावी लागतात. थोडीशी घाण शिरली तरी सगळा घाणा वाया जातो. परसातल्या मडक्यात होण्याजोगे हे काम नव्हे.

कायदा आणि युद्ध

ह्या फुलाचा इतिहास महसुलाच्या कागदांत पाहिला तर मोठा विलक्षण दिसतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि ते सन १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश अंमलातील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून होता. सन १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. पुढे सन १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठीच एक स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि तो ठाणे व कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांस लागू झाला. फुलांचा साठा, विक्री व आयात यांवर त्यामुळे परवान्याचे बंधन आले. चोरटी दारू बंद व्हावी आणि अबकारीचे उत्पन्न बुडू नये, हा त्याचा हेतू. परिणाम असा झाला की, आपल्याच झाडाखालचे फूल घरात साठवणाऱ्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. अबकारीच्या दृष्टीने ह्या फुलास खाद्य म्हणून फारसे स्थान नव्हते. ते दारूचा कच्चा माल म्हणूनच ओळखले गेले.

पुढे सन १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. तोफा-बंदुकांतील कॉर्डाइट नावाची स्फोटक दारू करताना तिचे घटक एकजीव करण्यासाठी ॲसिटोन लागते. निलगिरीतील अरवंकाडू येथे कॉर्डाइटचा सरकारी कारखाना होता. परदेशातून येणारे ॲसिटोन पुरेना, तेव्हा जेथे जेथे साखर किंवा पीठ आहे तेथे तेथे शोध सुरू झाला. इंग्लंडात सन १९१७ मध्ये शाळेच्या मुलांकडून घोडचेस्टनट नावाच्या झाडाची कडू फळे गोळा करवून घेतली आणि ती किंग्ज लिन येथील कारखान्यात ॲसिटोनसाठी पाठवली; त्यास फारसे यश आले नाही. इकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सन १९१६ पासून गिल्बर्ट फाउलर हे अध्यापक होते. त्यांनी व त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांनी मोहफुलाची रासायनिक तपासणी करून त्यापासून ॲसिटोन काढण्याचे प्रयोग केले. युद्धाच्या अखेरीस ॲसिटोनचा कारखाना उभारण्यात आला तोही आपल्या शेजारी, मोखाड्याहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेने घाट ओलांडला की लागणाऱ्या नाशकास.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. जे फूल ठाणे जिल्ह्यात परवान्यावाचून बाळगणे सन १८९२ पासून संशयास्पद ठरले होते, त्याच फुलाकडे पंचवीस वर्षांच्या आत सरकारचे शास्त्रज्ञ युद्धसामग्रीचे मूळ म्हणून पाहू लागले. फूल तेच, त्यातील साखर तीच. युद्ध संपले, बाहेरचे ॲसिटोन पुन्हा स्वस्तात येऊ लागले, आणि मोहफुलाचे हे नवे मोल जसे आले तसे गेले. भाव फुलाच्या अंगी नव्हता. तो युद्धाच्या अडचणीत होता. हा धडा आजच्या प्रश्नासही लागू पडतो.

हिशेब

आता पैसे भरण्याच्या प्रश्नाकडे वळू. १०० किलो चांगली वाळलेली फुले घ्यावीत आणि त्यांत ६० किलो साखर आहे असे धरावे.

पहिल्या वाटेने, एक कणही वाया गेला नाही असे मानले तर वजनांचा हिशेब येणेप्रमाणे पडतो. साखरेच्या १८० भागांपासून मद्यार्क ९२ भाग निघतो. उरलेले ८८ भाग वायू होऊन हवेत जातात. त्या ९२ भागांपासून ॲसेटिक अम्ल १२० भाग होते. त्यास चुना मिळून कॅल्शियम ॲसिटेट १५८ भाग होते. ते भाजल्यावर ॲसिटोन ५८ भाग हाती येते आणि १०० भाग खडू मागे उरतो. म्हणजे साखरेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. ह्या मानाने ६० किलो साखरेपासून ॲसिटोन फार तर १९ किलो मिळेल. आणि हा आकडा कागदावरचा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यास गळती असते. शिवाय चुना, जळण आणि मजुरी वेगळी.

दुसऱ्या वाटेने साखरेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी तिन्ही द्रव्ये मिळून निघतात. म्हणजे ६० किलोस २० किलो. त्यांत ब्यूटॅनॉल १२, ॲसिटोन ६ व मद्यार्क २ किलो. त्यांसाठी शेकडो लिटर पाणी तापवून त्यातून ती वेगळी करावयाची.

आमची सभासदांस विनंती आहे की, बाजारात घाऊक ॲसिटोनचा दर विचारावा, आपल्या वाळल्या फुलाचा दर विचारावा, आणि १०० किलो फुलांची किंमत व त्यांतून निघणाऱ्या मालाची किंमत एकापुढे एक मांडून पाहावी. आम्ही मांडून पाहिली. जळणाचा खर्च धरण्यापूर्वीच हिशेब तोट्यात जातो.

ह्याचे कारणही सांगितले पाहिजे. आज जगातील बहुतेक ॲसिटोन खनिज तेलापासून होते. बेंझिन व प्रोपिलीन यांच्यापासून क्युमीन नावाचे द्रव्य करतात, त्यावर हवेची क्रिया करून ते फोडतात, आणि त्यातून फेनॉल व ॲसिटोन ही दोन्ही बरोबरच बाहेर पडतात. एक टन फेनॉलमागे सुमारे सहा-दशांश टन ॲसिटोन निघते. कारखानदारास फेनॉल हवेच असते, त्यामुळे ॲसिटोन जणू भाताबरोबर निघणाऱ्या पेंढ्यासारखे आपोआप हाती येते. गुजरातेतील दहेज येथे सन २०१८ मध्ये सुरू झालेल्या अशा एकाच कारखान्याची वार्षिक क्षमता उभारणीच्या वेळी फेनॉल २,००,००० टन व ॲसिटोन १,२०,००० टन अशी होती. त्याच्यापुढे आपल्या पाड्यावरची भट्टी भावात टिकणार नाही. शिवाय इतका ज्वालाग्राही पदार्थ वस्तीत तयार करणे हा जिवाशी खेळ आहे. आणि परवान्यावाचून मद्यार्काची भट्टी लावणे आजही गुन्हा आहे. अनामत घेणारा कोर्टात उभा राहणार नाही. भट्टीशी सापडणारा मात्र राहील.

मग फुलाचे करावे काय?

फुलाची किंमत नाही असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. शंभर किलोंत साठ किलो साखर असलेली वस्तू फोडून तिची सहा किलो ॲसिटोन करण्यापेक्षा ती साखर म्हणूनच उपयोगात आणणे शहाणपणाचे, एवढाच अर्थ आहे. वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी घरांत पावसाळ्याच्या तोंडाशी नागली-वरई सरत आली की वाळलेली मोहफुले शिजवून, भाजून अथवा पिठात मिसळून खाण्याचा परिपाठ होता. सन १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके भुकेने व आजाराने दगावली, तेव्हा ह्या डोंगराचे नाव देशभर झाले. केवळ फुलाने भूक सरत नाही, हे आम्ही जाणतो. त्यात साखर आहे, पण डाळीची जागा ते घेऊ शकत नाही. तरीही ज्या मुलखात असे घडले, तेथे अन्न म्हणून उभे असलेले झाड दारूच्या किंवा द्रावकाच्या मापानेच मोजत राहणे योग्य नव्हे.

कायद्याची बाजूही पूर्वीसारखी राहिलेली नाही. सन १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवर नियंत्रण ठेवले होते. परंतु सन २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने फुले गोळा करणे, साठवणे व नेणे यांवरील बंधने सैल केली. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने सन १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मानलेली आहे, आणि सन २००६ च्या वनहक्क कायद्यानेही ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. हे हक्क पदरात असूनही फुले वेचणारी बाई चैत्रातच मिळेल त्या भावास ती देऊन टाकते, कारण ती ठेवावयास तिच्याकडे कोरडी जागा नसते. खरा तोटा येथे आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्या हातचा आहे.

सबब आम्ही सुचवतो ते असे. फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवू नये. त्याने मोहाची व इतर झाडांची कोवळी रोपे जळतात आणि वणवा लागतो. पाला झाडून घेऊन झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरावी, म्हणजे फुलांस माती लागत नाही. वाळवण जमिनीवर न घालता उंच माचावर चटईवर घालावे आणि रात्री दवापासून झाकावे. फूल मुठीत दाबले असता चिकटून गोळा होत असेल तर ते अद्याप ओले आहे. ओलसर फुलात किण्व शिरले की साखरेचा मद्यार्क होऊ लागतो आणि खाण्याचा माल बिघडतो. पूर्ण वाळलेली फुले घट्ट झाकणाच्या पिंपात, पहिल्या पावसापूर्वी बंद करून ठेवावीत. हे एकेका घरास जमणार नाही. पाच-सात पाड्यांनी मिळून ग्रामसभेच्या अथवा आपल्या संस्थेच्या नावे एक कोरडे कोठार केल्यास जमेल. अनामत भरावयाचीच असेल तर ती अशा कोठारासाठी भरावी. कारण त्याची किल्ली आपल्याच कमरेला राहते.

ॲसिटोनची विद्या निरुपयोगी आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमच्या मुलांनी ती जरूर शिकावी. एकाच साखरेचा मद्यार्क, शिरका किंवा ॲसिटोन कसा होतो हे ज्यास कळले, त्यास फूल का बिघडते आणि ते कसे राखावे हेही कळेल. आणि उद्या कोणी नवा गृहस्थ नवे नाव घेऊन पाड्यावर आला, तर त्याच्याकडून आधी वजनांचा हिशेब मागण्याचे धैर्यही येईल. मोखाड्याच्या सभासदांस आमचे उत्तर येणेप्रमाणे आहे : द्रव्य खरे, शास्त्र खरे, पण सौदा खोटा. पैसे भरू नयेत. फुले मात्र जपून वाळवावीत.